एक गिटार, एक आवाज : स्वतंत्र फोक गाणी लिहिणं, बसवणं आणि बाहेर काढणं

सारणी

मराठीत स्वतःची गाणी लिहून गिटारवर गाणाऱ्यांना काही नेमके प्रश्न विचारायचे आहेत. साथीला कोणी नाही. एक अकूस्टिक गिटार (12-53 च्या तारा, म्हणजे सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), एक कंडेन्सर माइक आणि दोन चॅनलचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं साधन) एवढंच सामान आहे. गळा खालच्या ए पासून वरच्या सी पर्यंत न ताणता जातो.

1) ध्रुवपद आणि पहिला अंतरा होतो, दुसऱ्या अंतऱ्यात गाणं अडतं.
2) चाली एकसारख्या होतात. बहुतेक गाणी जी पट्टीत आणि 80 ते 90 बीपीएममध्ये (मिनिटाला ठोके) येतात.
3) रेकॉर्डिंगमध्ये गिटार घुमते आणि आवाज तिच्यामागे दबतो.

जुनीतार

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त गाणी मरतात.

दुसरा अंतरा अडतो त्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या अंतऱ्यात असतं. पहिल्याच अंतऱ्यात प्रसंग, त्यामागची भावना आणि शेवटचा निष्कर्ष असं सगळं सांगून टाकलेलं असतं. मग दुसऱ्याला तेच वेगळ्या शब्दांत घोळवण्यापलीकडे काम उरत नाही. तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही अंतऱ्यांची अदलाबदल करून गाऊन बघा. काहीच बिघडलं नाही, तर दुसऱ्या अंतऱ्यात काही घडलेलं नाही.

लिहायला बसण्याआधी चार गोष्टी गद्यात लिहून काढा : कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, कुठे उभं राहून बोलतंय आणि किती वाजलेत. या चारांपैकी किमान एक गोष्ट दुसऱ्या अंतऱ्यात बदलली पाहिजे. वेळ पुढे सरकवणं सर्वात सोपं. बोलणारा बदलणं सर्वात अवघड, कारण ध्रुवपद दोघांच्याही तोंडी शोभावं लागतं.

अजून एक उपाय आहे, आणि तो आश्चर्य वाटावं इतक्या वेळा लागू पडतो. लिहिलेला पहिला अंतरा उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवा आणि त्याच्या आधीचं लिहा. सुचतो तो बहुधा गोष्टीचा मधला तुकडा असतो.

गणमात्रा

जुनीतार यांच्याशी सहमत. पण अडण्याचं एक कारण निव्वळ अक्षरांचं असतं, तेही बघा. पहिला अंतरा ओघात येतो, त्याची बांधणी कोणी मोजत नाही. दुसरा त्याच चालीत बसवायला गेलं की शब्द कुठेतरी जास्त होतात आणि कुठेतरी कमी पडतात. लिहिलेलं इथे टाकता का?

सारणी

हे घ्या. चार-चार ओळींचे दोन अंतरे. दुसरा मलाच पटत नाही.

ओल्या भिंतीला टेकून
उभी सायकल जुनी
घंटी वाजवते कोणी
दारी नसताना कुणी

माझ्या मनाच्या कोपरी
आठवणींचा पसारा
विरहाच्या वेदनेला
कुठे मिळेना किनारा

गणमात्रा

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आहेत, म्हणजे कागदावर अष्टाक्षरी चोख आहे. अडचण गाताना येते. मराठीत लिहिताना शेवटचा किंवा मधला अ असतो, बोलताना तो गळतो. पहिला अंतरा बोलीत म्हणून बघा :

ओ-ल्या-भिं-ती-ला-टे-कून : 7
उ-भी-साय-कल-जु-नी : 6
घं-टी-वाज-व-ते-को-णी : 7
दा-री-नस-ता-ना-कु-णी : 7

जुन्या छंदात गाताना आपण प्रत्येक अक्षर सुटं म्हणतो, सा-य-क-ल असे चार आघात देतो, म्हणून तिथे आठ नीट भरतात. गिटारवर बोलल्यासारखं गायलं की दुसऱ्या ओळीत दोन जागा रिकाम्या राहतात. मग तिथे गाणारा नकळत ‘अ’ किंवा ‘गं’ भरतो, नाहीतर शेवटचं अक्षर ताणतो. दोन्ही पद्धती चालतात, पण एका गाण्यात एकच धरा. बोलीची धरली असेल तर कागदावरची अक्षरं मोजू नका. टाळी वाजवत ओळ म्हणा आणि ऐकू येणारे आघात मोजा.

दुसरी गोष्ट, ‘जुनी’ आणि ‘कुणी’. दोन्हींत पहिलं अक्षर ऱ्हस्व, दुसरं दीर्घ. ‘जु’ समेवर ठेवून दोन मात्रा ताणलात तर ‘जूनी’ ऐकू येतं आणि शब्द मोडतो. ‘जु’ समेच्या आधीच्या अर्ध्या मात्रेत टाका, ‘नी’ समेवर आणा आणि तिथे हवं तितकं थांबा. काही शब्दांत तर अर्थच बदलतो. ‘दिन’ ताणला की ‘दीन’ होतो. लांब सुरावर आ, ए, ओ, ई असे उघडे स्वर येतील अशी शब्दयोजना करा. ‘टेकून’वर लांब थांबायचं ठरवलं तर ऊ ताणावा लागतो आणि न शेवटी झटक्यात सोडावा लागतो. ‘टेकूनऽऽ’ असा नुसता ‘न’ ताणला की आवाज नाकात जातो.

‘जुनी’ आणि ‘कुणी’ हे न-ण मुळे निर्दोष यमक नाही. गायलेल्या गाण्यात ते खपतं. छापलेल्या कवितेत डोळ्याला खटकेल.

जुनीतार

आता दुसऱ्या अंतऱ्याकडे. पहिल्यात भिंत, सायकल, घंटी, दार अशा चार वस्तू आहेत, चारही डोळ्यांसमोर येतात. दुसऱ्यात मन, आठवणी, विरह, वेदना. एकही वस्तू नाही. पहिल्या अंतऱ्याने जे न सांगता पोचवलं होतं, ते दुसरा अंतरा नाव घेऊन सांगतोय. कोपरा, पसारा, किनारा हे शब्द यमकाने ओढून आणलेत, गोष्टीने नाही.

सायकलचं पुढे काय झालं, ते लिहा. नमुना म्हणून एक देतो, जसाच्या तसा वापरावा असा आग्रह नाही :

भिंत वाळली उन्हाने
खूण राहिली चाकाची
घंटी वाजता रस्त्यात
मान वळते कुणाची

इथे काळ बदलला (भिंत ओली होती, वाळली), सायकल गेली हे न सांगता कळलं, आणि घंटी घरातून रस्त्यावर आली. दुःखाचा एकही शब्द नाही. बोलीतले आघात मात्र गणमात्रा यांच्या रीतीने तपासून घ्या. पहिल्या ओळीत ‘भिंत’ एकाच आघाताचा आहे.

आसमंत_वाचतोय

चाकाची आणि कुणाची हे यमक फक्त ‘ची’चं नाही का? विभक्तीचा प्रत्यय जुळवणं म्हणजे फुकटचं यमक.

गणमात्रा

बरोबर, ते कमकुवत आहे. मागचा आ जुळतो म्हणून थोडं सावरतं. मराठीत प्रत्ययांमुळे असली यमकं मुबलक मिळतात आणि त्यातूनच गाणी गुळगुळीत होतात. दर अंतऱ्यात एखादं प्रत्यययमक चालेल. ओळीमागून ओळ ‘-ला -ला’ किंवा ‘-ते -ते’ आली की पुढचा शब्द ऐकणाऱ्याला आधीच कळतो. फोकमध्ये यमक विरळ ठेवलं तरी बिघडत नाही. मोठ्या अभंगाची जुनी बांधणी बघा : पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. शेवटचा आखूड चरण मोकळा राहतो, आणि तोच कानात राहतो. या आखूड चरणावर गिटार थांबवून नुसता आवाज ठेवला की जागा फार सुंदर भरते.

सहावीतार

प्रश्न दुसरा, एकसारख्या चाली.

चाल गळ्यातून येण्याऐवजी हातातून येते, हे मुख्य कारण. हाताला जी, सी, डी, ई मायनर यांची वाट पाठ असते आणि गळा तिच्यामागे चालतो. गिटार खाली ठेवा. तानपुऱ्याचं ॲप लावा, नुसत्या सा-प वर शब्द म्हणा, पंधरा मिनिटं सलग फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकून चाल निवडा आणि कॉर्ड शेवटी शोधा.

त्यानंतर आपल्याच जुन्या पाच गाण्यांची पहिली ओळ शेजारी शेजारी मांडा आणि तीन गोष्टी लिहा : ओळ कोणत्या मात्रेवर सुरू होते, कोणत्या स्वरावर सुरू होते, कॉर्ड किती मात्रांनी बदलतो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच निघतं : समेवर, सा किंवा ग वर, चार मात्रांनी. नव्या गाण्यात यांतली एक गोष्ट जाणूनबुजून मोडा. केरव्याच्या आठ मात्रांत तिसऱ्या मात्रेवर ओळ उचलली तरी त्याच चार कॉर्डची चाल ओळखू येत नाही.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे हमखास होतो. भावगीताच्या घडणीत ध्रुवपद मध्यसप्तकात बसतं आणि अंतरा तारसप्तकाकडे चढतो. गिटारवरच्या फोकमध्ये बहुधा उलटं असतं, अंतरा खाली, गोष्ट सांगण्याच्या सुरात, आणि ध्रुवपद वर. दोन्ही कानांवर पडलेली असल्यामुळे आपण अंतराही चढवतो आणि ध्रुवपदही. मग गाण्याला उंची उरत नाही, सगळंच एका पातळीवर येतं. यांपैकी एक निवडा. वर्णनाचा, लांब ओळींचा अंतरा असेल तर तो खालीच शोभतो.

आता पट्टी. तुमचा गळा ए ते सी म्हणजे सव्वा सप्तकाच्या आत. चाल खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंत फिरत असेल, तर जी पट्टीत ती डी पासून डी पर्यंत जाते. वरचा डी तुमच्या बाहेर आहे. सी चे शेप धरून तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावा. पट्टी होते ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. चाल ए शार्प ते ए शार्प. खाली अर्धा स्वर आणि वर एक पूर्ण स्वर मोकळा राहतो. गाण्यातला सर्वात वरचा सूर आपल्या छताच्या एक स्वर खाली ठेवावा, कारण तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत गळा दमलेला असतो.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, पण फ्रेटवर चढू न देता लावा. दाब जास्त झाला की तारा चढतात, जी आणि जाड ई सर्वात जास्त. लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी हलकेच ओढून सोडा आणि मग ट्यूनर बघा. सातव्या फ्रेटच्या वर गिटारचा खर्ज जवळपास संपतो, हे लक्षात असू द्या.

खर्जसाधना

यात डीएडीजीएडी ट्यूनिंगचा उल्लेख राहिला. आपल्या चालींना ते फार जवळचं आहे. जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी. डी ला सा मानलं तर सा प सा म प सा. म्हणजे गिटारच तानपुरा होते. नेहमीच्या ट्यूनिंगमधून सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर उतरवायची, बाकी तीन तशाच. तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर एक बोट ठेवलं की सगळ्या तारांवर फक्त सा आणि प उरतात. गंधार कुठेच नाही, त्यामुळे मेजर की मायनर हे गळा ठरवतो. कोमल गंधाराची चाल असो की शुद्ध गंधाराची, साथ तीच. ज्यांना कॉर्डच्या साच्यातून बाहेर पडायचंय त्यांच्यासाठी याहून चांगली वाट नाही.

तारा उतरवल्या की गिटारच्या मानेवरचा ताण कमी होतो आणि उरलेल्या तारा किंचित चढतात. म्हणून सहाही तारा दोनदा लावा. प्रत्येक तार हव्या सुराच्या खाली नेऊन वर चढवत आणा. वरून खाली आणून थांबलात तर खुंटीतली ढिलाई नंतर सूर उतरवते. 53 ची सहावी तार डी वर थोडी सैल वाजते. जोरात छेडली की फ्रेटवर खरखरते आणि आघाताच्या क्षणी सूर चढा ऐकू येतो. हेच ट्यूनिंग कायम ठेवणार असाल तर सहावी तार 56 ची घाला.

सहावीतार

ट्यूनिंग सुंदर आहे, वाद नाही. पण तिथे रमलं की प्रत्येक गाणं त्याच डी च्या घुमाऱ्यावर तरंगत राहतं आणि मूळ तक्रार वेगळ्या रूपात परत येते. सहा गाण्यांच्या संचात दोन, फार तर तीन.

खर्जसाधना

सहा गाण्यांचं म्हणाल तर मान्य. शिकणाऱ्याने मात्र महिनाभर फक्त त्यातच वाजवावं, नाहीतर हात जुन्याच वाटेने जातो.

मधलंबोट

बोटांनी वाजवत गाताना दोन्ही एकमेकांत अडकतात, त्याबद्दल थोडं. क्रम असा ठेवा. आधी फक्त अंगठा. सी वर पाचवी-चौथी-सहावी-चौथी, जी वर सहावी-चौथी-पाचवी-चौथी, प्रत्येक मात्रेला एक आघात. यावर शब्द नुसते बोला, गाऊ नका. ते जमलं की गा. मग मधलं बोट पहिल्या तारेवर, फक्त एका जागी, आणि तर्जनी सर्वात शेवटी. वेग 60 बीपीएमपासून चार-चारने वाढवा. अडकायला होतं ते नेमकं शब्द दोन मात्रांच्या मध्ये उचलला जातो तिथे. ती एक ओळ वेगळी काढून अंगठ्यासोबत घोटा, अख्खं गाणं पुन्हापुन्हा वाजवून ती सुटत नाही.

पहिला अंतरा नुसत्या अंगठ्यावर, दुसऱ्यात बोटं, ध्रुवपदाला पूर्ण छेड. एकट्याच्या साथीत चढउतार येतो तो इथून.

खोलीतला_माइक

प्रश्न तिसरा. गिटार घुमते कारण माइक गिटारच्या भोकासमोर आहे, असं न बघता सांगतो. मोठ्या अंगाच्या गिटारीच्या पोटातली हवा साधारण 90 ते 110 हर्ट्झला घुमते आणि ती भोकातूनच बाहेर येते. माइक बाराव्या फ्रेटसमोर 25 सेंटिमीटरवर ठेवा आणि त्याचं तोंड मान अंगाला जिथे मिळते तिकडे वळवा. 15 सेंटिमीटरच्या आत नेला की जवळिकीमुळे खर्ज फुगतो, 40 च्या पुढे गेलात की खोली ऐकू येते.

माइक एकच आहे, तेव्हा दोन मार्ग. गिटार आधी आणि आवाज नंतर असं वेगळं रेकॉर्ड करणं हा पहिला. त्यात ताबा मिळतो, पण श्वासाबरोबर लय सैल-घट्ट होण्याची फोकमधली गंमत जाते. दुसरा मार्ग दोन्ही एकत्र : माइक छातीच्या उंचीवर, तोंड आणि बारावा फ्रेट यांच्या मध्ये, 45 ते 50 सेंटिमीटरवर. आवाज दबत असेल तर माइक दोन-दोन सेंटिमीटर वर सरकवा. समतोल इथे जागेने साधायचा असतो, नंतर फेडरने (पातळी वर-खाली करायच्या सरकपट्टीने) तो साधत नाही. पुढे कधी आकृती आठच्या ग्रहणक्षेत्राचा (समोरून आणि मागून ऐकणारा) माइक मिळाला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना, तोंडापासून 90 अंशांवर, तो जवळजवळ बहिरा असतो. ती बाजू गिटारकडे करून माइकचं तोंड गायकाकडे ठेवलं आणि आताचा माइक गिटारला लावला की एकत्र गाऊनही दोन ट्रॅक बऱ्यापैकी सुटे मिळतात.

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. सरासरी पातळी उणे 18 डेसिबलच्या आसपास, सर्वात मोठा आघात उणे 6 च्या खाली. 24 बिटमध्ये खालच्या पातळीवर रेकॉर्ड केल्याने काही बिघडत नाही, वर फुटलं की ते दुरुस्त होत नाही. रजया आणि गाद्या उभ्या केल्याने वरचा चरचराट शोषला जातो, खालचा घुमारा शोषला जात नाही. त्यामुळे भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, कारण खालचे सूर तिथे सर्वात वाकडे ऐकू येतात.

मिक्समध्ये गिटारला 80 हर्ट्झखाली काट, 200 ते 300 च्या दरम्यान दोन-तीन डेसिबल कमी. बहुतेक वेळा आवाज दबतो तो याच पट्ट्यात. आवाजावर 3:1 कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबणं), अटॅक 20 ते 30 मिलिसेकंद, तीन-चार डेसिबलहून जास्त दाबू नका. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर ते 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये सापडतील. माइक थोडा तिरका ठेवला तर ही वेळच येत नाही. रिव्हर्बला 20 ते 30 मिलिसेकंदांचा प्री-डिले द्या, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि गुंजन मागून येतं.

आसमंत_वाचतोय

मेट्रोनोमवर रेकॉर्ड करावं की नाही?

खोलीतला_माइक

पुढे ढोलक, बास काहीही जोडायचं असेल तर करा. फक्त आवाज-गिटार असेल तर नको. मधला मार्ग म्हणजे सुरुवातीला दोन आवर्तनं ठोका ऐकायचा आणि बंद करायचा. ऐकतच वाजवायचं असेल तर बंद कपांचे हेडफोन वापरा आणि शेवटच्या कॉर्डच्या आधी ठोका थांबेल अशी व्यवस्था करा. शांत होत जाणाऱ्या तारेमागे टक-टक ऐकू आली तर तो टेक वाया जातो.

तारांबद्दलही. नव्या कोऱ्या तारांवर बोटं सरकताना चीं-चीं फार येते. आदल्या दिवशी बदलून तास-दोन तास वाजवून घ्या.

नोंदवही

कोणी सर्जनाच्या रोजच्या शिस्तीबद्दल बोललं नाही, म्हणून लिहिते. गाणी न सुचण्यापेक्षा सुचलेली हरवण्याचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. फोनमध्ये ‘नवीन रेकॉर्डिंग’ नावाच्या शंभर फायली म्हणजे काहीच नसल्यासारखं आहे. प्रत्येक तुकडा त्याच दिवशी नाव देऊन ठेवा : तारीख, पट्टी, कॅपो, ट्यूनिंग, बीपीएम, पहिले तीन शब्द. ट्यूनिंग तर तोंडाने बोलूनच रेकॉर्डिंग सुरू करा. महिन्याने ऐकताना हात कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही, आणि डीएडीजीएडीसारख्या वेगळ्या ट्यूनिंगमधली चाल मग कायमची जाते.

लिहिणं आणि दुरुस्त करणं वेगवेगळ्या दिवशी ठेवा. एकाच बैठकीत दोन्ही केलं की पहिली ओळ दहा वेळा सुधारली जाते आणि दुसरी लिहिलीच जात नाही. आठवड्यात दोन बैठका कच्च्या लेखनाच्या, एक दुरुस्तीची, एक नुसती वादनाची. दुरुस्तीच्या बैठकीत नवीन गाणं सुरू करायचं नाही, हा नियम पाळणं सर्वात जड जातं आणि त्याचाच सर्वात जास्त उपयोग होतो.

संग्रहाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मूळ सुटे ट्रॅक जपा, फक्त तयार मिक्स नाही.

हक्कसोड_नको

प्रकाशनाचं कोणीतरी सांगायला हवं. एका गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात, रचना (शब्द आणि चाल) आणि ध्वनिमुद्रण. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची असेल तर टक्केवारी लेखी ठरवा, बेरीज 100, दोघांच्या सह्या, आणि हे प्रकाशनाच्या आधी. गाणं चाललं की तोंडी ठरलेलं दोघांना वेगवेगळं आठवतं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. बहुतेक वितरक (गाणं ऐकण्याच्या ॲपवर पोचवणाऱ्या कंपन्या) तो देतात. तोच जपून ठेवा आणि वितरक बदलताना तोच पुढे वापरा. नवा घेतलात तर जुने ऐकण्याचे आकडे तुटतात. थेट मैफलीतलं किंवा नव्याने गायलेलं रूप हे वेगळं ध्वनिमुद्रण, त्याला वेगळा क्रमांक. रचनेचा क्रमांक आयएसडब्ल्यूसी, तो हक्कसंस्थेकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी झाल्यावर मिळतो. ही नोंदणी वितरक आपोआप करत नाही, अनेकांचे पैसे इथेच अडकून राहतात.

फायली वितरकाकडे तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. 2024 पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत 1000 वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकचे पैसे मिळत नाहीत. बॅंडकॅम्प डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापतं, पैसे भरण्याच्या व्यवहाराचं शुल्क वेगळं, उरलेलं कलाकाराला. थोडे पण जिवाभावाचे श्रोते असलेल्या फोकवाल्यांसाठी माझं मत बॅंडकॅम्पकडे झुकतं.

लाउडनेससाठी गाणं चेपू नका. स्पॉटिफाय उणे 14 एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजण्याचं एकक) आसपास समान करतं, मोठं पाठवलंत तर ते खाली आणतं. आवाज-गिटारचं गाणं उणे 16 ला असलं तरी चालतं, शिखर उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

सारणी

लोकगीतातली एखादी ओळ स्वतःच्या गाण्यात घेतली तर?

हक्कसोड_नको

खरोखर पारंपरिक, कर्ता अज्ञात अशी ओळ मोकळी असते. पण आपण ती कुठून उचलली हे बघा. कोणीतरी अलीकडे केलेली मांडणी, बदललेले शब्द किंवा लावलेली चाल त्याच्या हक्कात असू शकते. बर्न करारानुसार संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं असतं, अनेक देशांत 60 किंवा 70. छापील संकलनातली जुनी नोंद शोधा आणि तिच्यावरून काम करा. श्रेयात ‘पारंपरिक’ असं स्पष्ट लिहा. स्वतःचं नाव लावलंत तर हक्कसंस्थेत तंटा होतो.

सहावीतार

मंचावर गाणार असाल तर गाण्यांचा क्रम ट्यूनिंगनुसार लावा. 45 मिनिटांत बोलण्यासकट नऊ-दहा गाणी होतात. त्यात ट्यूनिंग बदल दोनपेक्षा जास्त नको, आणि बदलाच्या वेळी बोलायचं काय ते आधी ठरलेलं असावं.

गिटारमध्ये पिएझो पिकअप (ब्रिजपाशी तारांची कंपनं पकडणारा) असेल तर तो ज्यात जातो त्या साधनाचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) किमान 1 मेगाओहम हवा. साध्या लाइन इनपुटला जोडला की खर्ज गळतो आणि आवाज पत्र्यासारखा, पिचका येतो. प्रीॲम्पची 9 व्होल्टची बॅटरी मरत आली की आधी जोराच्या छेडीला आवाज फाटतो. तेव्हा दोष केबलमध्ये शोधत बसू नका. घूं असा फीडबॅक सुरू झाला तर आधी भोकाला रबरी झाकण, मग प्रीॲम्पवरचं फेजचं बटण, तरीही राहिला तर 100 ते 200 हर्ट्झमध्ये घुमणारी नेमकी जागा शोधून तिथे अरुंद काट.

मधलंबोट

गायकाच्या माइकमधून शिट्टी येत असेल तर मॉनिटरची जागाही बघा.

सहावीतार

हो, आणि ती माइकच्या प्रकारावर ठरते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक बरोबर मागे, 180 अंशांवर, सर्वात बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या समोर, सरळ रेषेत. सुपरकार्डिऑइड मागून थोडं ऐकतो आणि त्याची बहिरी जागा साधारण 125 अंशांवर असते. त्याला मॉनिटर समोर मध्यभागी न ठेवता एका बाजूला तिरका ठेवावा लागतो. माइक कोणता आहे हे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला साउंडचेकच्या आधीच विचारा, आणि माइकची जाळी मुठीत धरून गाऊ नका. मागच्या फटी झाकल्या की दोन्ही प्रकारचे माइक सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतात आणि मॉनिटर कुठेही ठेवला तरी शिट्टी येते.